पहिल्यांदाच बेटावर निघताय? खोली नंतर बघा, आधी बोट बघा

दर नोव्हेंबरात आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये कुणीतरी गाठतंच. "तुम्ही अंदमानला जाऊन आलात ना? आणि मालदीवलाही? आम्हालाही जायचंय. कुठलं रिसॉर्ट घेऊ सांगा." आठव्या मजल्यापासून तळमजल्यापर्यंत या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही. शिवाय प्रश्नच उलट्या टोकाकडून आलेला असतो. रिसॉर्ट ही बरीच नंतरची गोष्ट आहे. म्हणून एकदाच सगळं क्रमाने लिहून काढते. पुढच्या नोव्हेंबरात लिंक पाठवली की झालं.

पायरी १: बेटच का, हे घरात बसून ठरवा

आपल्या लोकांना सहल म्हणजे पॉइंट लागतात. महाबळेश्वरला सात पॉइंट, माथेरानला दहा, आणि संध्याकाळी "आज किती झाले?" असा हिशेब. बेटावरच्या रिसॉर्टमध्ये हा हिशेब चालत नाही. तिथे एकच पॉइंट असतो आणि तुम्ही त्याच्यावरच राहायला गेलेले असता. ज्यांना रोज सकाळी नऊ वाजता गाडी दारात उभी लागते, ते दुसऱ्या संध्याकाळी कंटाळतात आणि तिसऱ्या दिवशी भांडतात. अशा मंडळींनी राजस्थानला जावं. मी टोमणा मारत नाहीये, खरंच जावं.

पण तुम्ही रोज घोडबंदर रोडवर किंवा ऐरोलीच्या पुलावर तासभर ब्रेक-क्लच करत असाल, तर बेटासारखं दुसरं काही नाही. मालदीवच्या बऱ्याच रिसॉर्ट-बेटांना पायी चक्कर मारायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. रस्ता नाही, म्हणून हॉर्न नाही. सहा वर्षांचं पोर पुढे धावत गेलं तर गाडीची भीती नाही. (पाण्याची मात्र आहे, त्याबद्दल पुढे.) आणि घरातली जी बाई दर सहलीत "आता पुढे काय, जेवायचं कुठे" बघते, तिला पहिल्यांदाच काही बघावं लागत नाही.

दुसरं कारण पाणी. "आपल्याकडे काय समुद्र नाही?" असं माझे सासरे म्हणाले होते. आहे, पण आपल्याकडे नद्या आणि खाड्या गाळ आणून ओततात, आणि उधाणाला चार-पाच मीटरची भरती तो गाळ दिवसातून दोनदा ढवळते. म्हणून ठाण्याच्या खाडीत हात बुडवला तर बोटं दिसत नाहीत. मालदीव-लक्षद्वीपच्या प्रवाळबेटांवर नदीच नाही, त्यामुळे गाळ नाही. भरतीही साधारण मीटरभरच. भोवती प्रवाळाची कडा, आत उथळ, निवांत पाणी. वाळूही दगडाची नाही, ती प्रवाळाचा आणि शिंपल्यांचा चुरा आहे, आणि त्यातली बरीचशी पोपटमाशाने प्रवाळ कुरतडून मागून बाहेर टाकलेली असते. हे कळल्यावर माझ्या मुलीने अर्धा तास वाळूला पाय लावला नाही. पांढरी असल्यामुळे ही वाळू भर दुपारीही आपल्या किनाऱ्यावरच्या काळसर वाळूइतकी चटकत नाही. गुडघे दुखणाऱ्या माझ्या आईने आयुष्यात पहिल्यांदा कंबरभर पाण्यात उभं राहून पायाशी फिरणारे मासे मोजले, ते अशाच पाण्यात.

पायरी २: महिना

इथे शाळा आडवी येते. समुद्र सगळ्यात चांगला असतो तो साधारण जानेवारी ते मार्च-एप्रिल, नेमका परीक्षांच्या काळात. मे महिन्याच्या सुट्टीत जायचं म्हटलं तर लक्षात ठेवा, मान्सून आपल्याकडे जूनमध्ये येतो, पण अंदमानात तो मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच पोचतो. मालदीवचा पावसाळी हंगामही मेपासून ऑक्टोबरपर्यंत. तिथे पाऊस आपल्यासारखा आठवडाभर कोसळत नाही, मधे मधे ऊन पडतं, पण समुद्र खवळलेला असतो आणि बोटी रद्द होतात. दिवाळीत अंदमान हिरवंगार असतं, पण तेव्हा बंगालच्या उपसागरात चक्रीवादळांचा काळ असतो. नाताळात सगळं सुरेख, फक्त भाव बघून डोळे पांढरे होतात.

माझं मत विचाराल तर मूल पाचवीच्या आत असेपर्यंत जानेवारीची जोडून सुट्टी घ्या आणि वर्गशिक्षिकांना खरं कारण सांगा. पाचवीनंतर एप्रिलचा शेवटचा आठवडा गाठा.

पायरी ३: कुठलं बेट

पहिल्या खेपेला अंदमान. पासपोर्ट नको, भाषेची अडचण नाही, नेहमीच्या पर्यटन-बेटांना भारतीयांना परवाना लागत नाही. नावं मात्र बदललीत, त्यामुळे तिकीट काढताना गोंधळ होतो. हॅवलॉकचं २०१८ पासून स्वराज द्वीप, नीलचं शहीद द्वीप, आणि २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं श्री विजय पुरम झालं. जुनी आणि नवी, दोन्ही नावं लोकांच्या तोंडी आहेत. स्वराज द्वीपचा राधानगर किनारा म्हणजे खरं प्रकरण: लांब, रुंद, मागे उंच झाडांचं जंगल. शहीद द्वीप त्याहून लहान आणि संथ. तीन रात्री स्वराजला, दोन शहीदला, एक-दोन श्री विजय पुरमला. पाच दिवसांत "सगळं कव्हर" करणारी पॅकेजं घेऊ नका, त्यात तुम्ही जेट्टीच कव्हर करता.

एक गंमत. अंदमान आपल्यापेक्षा खूप पूर्वेला, पण घड्याळ आपलंच. त्यामुळे सूर्य तिथे जवळपास ८० मिनिटं आधी उगवतो आणि मावळतो. संध्याकाळी साडेपाचच्या आसपास अंधार पडतो. ठाण्याच्या सवयीने आठला उठून, दहाला नाश्ता करून, दुपारी झोपून पाचला किनाऱ्यावर गेलात तर दिवस संपलेला असतो. तिथे पहाटे पाचला बाहेर पडायचं. त्या वेळी ओल्या वाळूवर शंखातले खेकडे शेकड्याने चालत असतात. त्यांच्या पायांचे माग बघितलेत तर शिवणयंत्राची टीप घातल्यासारखे दिसतात.

मालदीवला पासपोर्ट लागतो, व्हिसा आधी काढावा लागत नाही; भारतीयांना तिथे उतरल्यावर फुकट मिळतो. निघण्याआधीच्या ९६ तासांत 'इमुगा' नावाचा प्रवाशांचा ऑनलाइन फॉर्म भरायचा, तोही फुकटच आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर बंद करा. इथे दोन जगं आहेत. एक रिसॉर्टचं, जिथे एका बेटावर एकच रिसॉर्ट (पहिलं १९७२ साली सुरू झालं). दुसरं, गावाच्या बेटांवरची गेस्टहाउसेस, उदाहरणार्थ माफुशी. गावात खर्च बराच कमी, पण तिथे मुस्लिम वस्ती आहे, म्हणून अंगभर कपडे, पोहण्याच्या कपड्यांसाठी वेगळा राखीव किनारा, आणि दारू नाही. दारू विमानातून नेताही येत नाही. आणि आपल्यासाठी महत्त्वाचं: पूजेच्या मूर्तीही नेता येत नाहीत. प्रवासात बाळकृष्ण बरोबर ठेवणाऱ्या आजी घरात असतील तर हे आधी सांगा, विमानतळावर कस्टमच्या माणसासमोर नको.

लक्षद्वीप पाण्याच्या बाबतीत मालदीवच्या तोडीचं आणि आपलंच. पण भारतीयांनाही प्रवेश परवाना लागतो, जाणं मुख्यतः कोचीहून, आणि ३६ बेटांपैकी वस्ती १० वरच. विमान अगत्तीला उतरतं. खोल्या मोजक्या, त्यामुळे आयत्या वेळी काही मिळत नाही. बंगारम बेट सोडलं तर दारूबंदी. धीर असेल आणि तीन-चार महिने आधी कागदपत्रांना लागायची तयारी असेल तरच.

मॉरिशसबद्दलही विचारतात. ते विषुववृत्ताच्या खाली, म्हणून ऋतू उलटे. आपला मे-जून म्हणजे त्यांच्या हिवाळ्याची सुरुवात. आणि ते मोठं बेट आहे, तिथे पॉइंटवाल्यांचीही सोय होते.

पायरी ४: शेवटची बोट

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा. बेटाची सहल विमानतळावर संपत नाही, तिथून शेवटचा तुकडा उरतो, आणि तोच तुकडा सहल बनवतो किंवा बिघडवतो.

आमचं काय झालं ते सांगते. पहिल्या मालदीव सहलीत आमच्या एजंटने स्वस्त विमान काढून दिलं. आम्ही खूश. मालदीवच्या राजधानीला, मालेला, उतरलो दुपारी साडेचारच्या पुढे. रिसॉर्ट लांबच्या अटोलमध्ये (प्रवाळबेटांच्या वर्तुळात), जायला सी-प्लेन, म्हणजे पाण्यावर उतरणारं छोटं विमान. आणि सी-प्लेन फक्त दिवसाउजेडी उडतं, हे आम्हाला तिथल्या काउंटरवर कळलं. त्या दिवसाचं शेवटचं गेलेलं होतं. मग विमानतळाजवळच्या हुलहुमालेला एक खोली घेतली, खिडकीतून दुसऱ्या इमारतीची भिंत दिसत होती, आणि ज्या पाण्यावरच्या खोलीचे पैसे आधीच भरले होते ती रात्रभर रिकामी राहिली. एजंट फोनवर म्हणाला, "मॅडम, ते आपल्या हातात नसतं." ते त्याच्याच हातात होतं.

दुसऱ्या दिवशी सी-प्लेनचा वैमानिक अनवाणी येऊन बसला आणि माझा राग निम्मा उतरला, ही गोष्ट वेगळी.

तर, सी-प्लेन असेल तर मालेला दुपारी साडेतीनच्या आत उतरणारं विमान घ्या. परतीचं विमान सकाळी लवकरचं असेल तरीही हाच घोळ होतो. पहिल्या खेपेला मी तरी स्पीडबोटीने तासाभरात पोचता येईल असंच रिसॉर्ट घ्यायला सांगेन. ती अंधार पडल्यावरही जाते. सी-प्लेनमध्ये सामानाची मर्यादा साधारण २० किलो आणि हातातलं ५ किलो, वर गेलं की पैसे. गावाच्या बेटावर सरकारी फेरीने जाणार असाल तर शुक्रवार टाळा, त्या दिवशी बहुतेक फेऱ्या बंद असतात.

अंदमानात हा तुकडा म्हणजे श्री विजय पुरमहून स्वराज द्वीपची बोट. खाजगी बोट साधारण दीड ते अडीच तास, सरकारी त्याहून हळू पण स्वस्त. खाजगीचं तिकीट विमानाच्या तिकिटाबरोबरच काढा. विमान उतरलं त्याच दिवशी दुपारच्या बोटीवर भरवसा ठेवू नका, कारण मुंबईहून जाताना अनेकदा चेन्नईला किंवा कोलकात्याला विमान बदलावं लागतं आणि एक उशीर पुढचं सगळं ओढून नेतो. बोट लागणाऱ्यांनी गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधी घ्यावी, मळमळायला लागल्यावर नाही. बसायला मागची-मधली जागा मागा, पुढे जास्त आपटते.

आता घराकडचं टोक. उलव्याचं नवी मुंबई विमानतळ २५ डिसेंबर २०२५ पासून सुरू झालं. वाशी-नेरूळ-पनवेलकरांची सोय झाली, पण "मुंबई" म्हणून शोधलं की काही वेबसाइट दोन्ही विमानतळं एकत्र दाखवतात. तिकिटावर बीओएम असेल तर सहार किंवा सांताक्रूझ, एनएमआय असेल तर उलवे. ठाणेकरांनो, पहाटे चारला ओला बुक करण्याआधी ही तीन अक्षरं वाचा.

पायरी ५: भाव विचारताना

एका रात्रीचा दर ऐकून हुरळू नका. एजंटला किंवा रिसॉर्टला एकच वाक्य लिहा: "आम्ही दोन मोठे, एक मूल, मालेला उतरल्यापासून पुन्हा मालेला सोडेपर्यंत सगळे कर धरून एकूण किती?" हे वाक्य लिहिल्यावर अर्ध्या ऑफर आपोआप गळतात. दरापुढे दोन अधिक चिन्हं असतील तर सेवाशुल्क आणि कर वेगळे आहेत असं समजा. मालदीवमध्ये माणशी दर रात्रीला ग्रीन टॅक्सही लागतो. स्पीडबोट-सी-प्लेनचं भाडं बहुधा दरात नसतंच. परदेशी पॅकेजवर एजंट टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतो. तो पैसा बुडत नाही, आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण आत्ता खिशातून जातो.

जेवणाचं तर नीट ऐका. फक्त नाश्त्याचा प्लॅन गोव्यात शहाणपणाचा. बेटावर बाहेर खानावळ नाही, टपरी नाही, स्विगी नाही. दुपारी पोराने नूडल्स मागितल्या की त्यांच्याच रेस्टॉरंटमध्ये, त्यांच्याच भावाने. निदान नाश्ता आणि रात्रीचं जेवण असलेला प्लॅन घ्या, आणि पिणारे असाल किंवा मुलं सारखी खा-खा करणारी असतील तर सगळं धरून असलेला. पाण्याच्या बाटलीचे पैसे लागतात का, तेही विचारा. शाकाहारी आणि जैन जेवणाचं बुकिंगच्या वेळी ईमेलवर लिहून घ्या. आम्ही बरोबर दशम्या, चिवडा आणि मेतकूट नेतोच. तिसऱ्या रात्री रिसॉर्टच्या पांढऱ्या भातावर मेतकूट घातलं की समोरच्या टेबलावरचे गुजराती काका हळूच बघायला लागतात.

पायरी ६: खोली

आता रिसॉर्ट. पाण्यावरची खोली फोटोत चांगली दिसते, आणि फोटोपुरती खरंच चांगली असते. पण चालायला लागलेलं मूल घरात असेल तर नको: दार उघडलं की जिना आणि खाली समुद्र. काही रिसॉर्ट लहान मुलांना तिथे ठेवूच देत नाहीत. आम्हाला किनाऱ्यावरची खोली जास्त आवडली, पाय थेट वाळूत. हौस असेल तर एक-दोन रात्री पाण्यावर, बाकी किनाऱ्यावर. एक प्रश्न मात्र नक्की विचारा: किनाऱ्यावरून पोहत जाऊन प्रवाळ दिसतं का? त्याला हाउस रीफ म्हणतात. ते असेल तर रोज फुकट मासे बघता येतात. नसेल तर प्रत्येक वेळी बोट आणि प्रत्येक वेळी पैसे.

पायरी ७: ठाण्यातच करायची तयारी

स्नॉर्कलिंग (मास्क आणि नळी लावून पाण्यात तोंड घालून मासे बघणं) समुद्रात शिकायला जाऊ नका. महिनाभर आधी महापालिकेच्या किंवा सोसायटीच्या तरण तलावात मास्क लावून तोंडाने श्वास घ्यायचा सराव करा. पोहता येत नसलं तरी चालतं, गुडघाभर पाण्यात तोंड बुडवून सुरुवात करा. पहिली दोन मिनिटं जीव घाबरा होतो, मग सुटतो. काचेवर वाफ धरते, त्याला उपाय एकच: आतून थुंकी चोळायची आणि विसळायची. किळस वाटली तरी हाच.

मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचाच असतो, तो संपलाय हे वागळे इस्टेटच्या पासपोर्ट सेवा केंद्राच्या अपॉइंटमेंटसाठी धावपळ करताना कळतं. आजच कपाट उघडून तारीख बघा. सामानात पातळ लांब बाह्यांचे पोहण्याचे टी-शर्ट, टोपी, झिंक ऑक्साइडचं सनस्क्रीन. ऑक्सिबेंझोन असलेलं नको. प्रवाळाला अपाय होतो म्हणून पलाऊ आणि हवाईने त्यावर बंदीच घातली आहे. अंदमानसाठी रोख पैसे थोडे जास्त, कारण लहान बेटांवर एटीएम मोजकी.

पायरी ८: ऊन आणि पाणी

ऊन तळपतंय हे तिथे वाऱ्यामुळे कळत नाही. स्नॉर्कलिंग करताना तोंड खाली आणि पाठ वर, तासाभरात पाठ भाजून निघते. माझ्या नवऱ्याने "आपण काय गोरे आहोत का?" म्हणत सनस्क्रीन लावलं नाही आणि पुढच्या दोन रात्री पालथा झोपला. उन्हात जाण्याआधी वीस मिनिटं लावा, दर दोन तासांनी पुन्हा.

भरती-ओहोटी बघून दिवस आखा. आपल्या कोळीवाड्यात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, पण तो हिशेब आपल्या किनाऱ्याचा. तिथलं वेळापत्रक वेगळं, रिसॉर्टला विचारा. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, म्हणजे ओहोटीला पाणीही खूप आत जातं आणि प्रवाळ उघडं पडतं. शहीद द्वीपचा नैसर्गिक दगडी पूल बघायला ही वेळ उत्तम, पोहायला अगदी वाईट. तेव्हा प्रवाळावर पाय ठेवू नका: ते जिवंत असतं, आणि पाय कापला तर लवकर भरत नाही.

अंदमानात काही ठिकाणी खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत. किनाऱ्यावर पाटी असेल तर ती शोभेची नाही. जीवरक्षक जिथे नाही म्हणेल तिथे नाही.

प्रवाळाचे तुकडे आणि शंख उचलून आणू नका. प्रवाळाला १९७२ च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, परतताना विमानतळावर बॅगेतून बाहेर काढतात. शिवाय रिकामा दिसणारा शंख कुणाचं तरी पुढचं घर असतो. मुलीने खिशात घातलेल्या एका शंखातून रात्री खोलीत पाय बाहेर आले होते. साडेअकराला टॉर्च घेऊन त्याला किनाऱ्यावर सोडून आलो.

स्कूबा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल पाण्यात जाणं) करणार असाल तर ते शेवटच्या दिवशी ठेवू नका. डाइव्ह आणि विमान यांत किमान १८ तास जाऊ द्या, जमलं तर पूर्ण दिवस. दमा, हृदयाचा त्रास, कानाचं दुखणं, गरोदरपण यातलं काही असेल तर फॉर्मवर लपवू नका.

पायरी ९: परत येताना

परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मोठ्या बेटावर या. समुद्र खवळला की बोट रद्द होते, आणि विमान थांबत नाही. अंदमानात ही रात्र वाया जात नाही, सेल्युलर जेल त्यासाठीच ठेवा. सात पाखांपैकी तीनच उरल्यात. सावरकरांच्या कोठडीपुढे मराठी माणसं आपोआप चपला काढतात, तिथे कुणी सांगत नाही.

आणि परतीच्या तिकिटावरची ती तीन अक्षरं पुन्हा वाचा. आमच्याच मजल्यावरच्या एकांनी जाताना गाडी सहारच्या पार्किंगमध्ये ठेवली आणि येताना सहकुटुंब, पाच बॅगा आणि तीन शहाळी घेऊन उलव्याला उतरले.